मेंढरांपुढची गाडी

राघूला बोलायचा भारी कंटाळा. किती, तर लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा गडी पाणी प्यायचं निमित्त करून मांडवातून उठला, तो थेट मेंढरांत जाऊन उभा राहिला. करवल्या ताटकळल्या, नवरी ताटकळली, शेवटी जेवणं उरकून घेतली. बानूबाई ही हकिगत आजही जो तावडीत सापडेल त्याला सांगते, आणि सांगताना नवऱ्याकडे बघते. राघू तेव्हाही काही बोलत नाही.

मेंढरांशीसुद्धा तो कधी बोलला नाही. बाकीचे मेंढके हर्र-हुर्र करून रान डोक्यावर घेतात. राघू काठी खांद्यावर टाकायचा, एक शीळ घालायचा आणि चालू लागायचा. मेंढरं निमूट मागं. येडगावच्या धरणाकाठापासून पार मंचरच्या पुढपर्यंत त्यानं अशी मुक्यानं मेंढरं फिरवली. पण मग गुडघ्यांनी दगा दिला. पाठोपाठ पुढचे दात पडले, तशी शीळही गेली. शीळ घालायला जावं तर नुसता वारा. आणि सामान वाहणारा म्हातारा घोडा, तोही त्याच पावसाळ्यात गेला. नशीब फिरलं की कसं सगळं एका दमात फिरतं बघा.

घोड्याच्या जागी राघूनं गाडी आणली. नारायणगावच्या एका फोटोग्राफरनं लग्नसराईत झिजवलेली जुनी पांढरी चारचाकी. दारावर ‘आठवणी जपणारे’ एवढी अक्षरं अजून शाबूत होती. लोक हसले. घोडा मेला म्हणून मोटार घेणारा मेंढका त्यांनी पाहिला नव्हता. पण राघूचं डोकं चालत होतं. पहिला गिअर टाकायचा, क्लच सोडायचा, आणि रेसच्या पायडीवर पाय ठेवायचाच नाही. गाडी आपली माणसाच्या चालीनं सरकत राहते. पुढं गाडी, मागं मेंढरं. मागच्या सीटवर बानूबाई, भांडी, कोंबड्या आणि नवी कोकरं. गुडघ्यांना तोशीस नाही.

पहिले काही दिवस मेंढरांनी गाडीला जुमानलं नाही. बानूबाईला दम्याची धाप घेऊन पुढं चालावं लागलं, आणि ती काय काय बोलली ते इथं लिहीत नाही. मग थंडी पडली, आणि गाडी थरथरायला लागली. रेस दिली की ठीक, पण पाय काढला की सगळं अंग हलायचं, मधेच एखादा ठोका चुकायचा, गाडी खोकून बंद पडायची. मेकॅनिक लोक म्हणतात गाडी स्लोला मिसिंग मारते. आता दुसऱ्या गाडीला हे दुखणं झालं तर सिग्नलला दोन मिनिटं त्रास. ही बिचारी जन्मभर स्लोवरच चालणार होती. मागं भांडी वाजायची, कोंबड्या ओरडायच्या. पण नवल असं, की ज्या दिवशी ही थरथर सुरू झाली, त्याच दिवसापासून मेंढरं मागं यायला लागली. अगदी गुमान. राघूनं मनाशी पक्कं धरलं, मेंढरांना हा आवाज आवडतो.

आणि त्याच दिवशी राघू बोलायला लागला. मेंढरांशी नाही हो, गाडीशी.

“ए बये, आता नको. तेवढा चढ चढ, मग बस म्हनलं तर बस,” असं हळूहळू सुरू झालं. मग खिडकीतून मुंडकं काढून बॉनेटकडे बघत अखंड. “शानी माजी बाय ती. घोड्यानं मला कदी असं मधी टाकलं न्हाई बरं का. तू काय घोड्यापरीस कमी हायेस व्हय?” कधी लाडीगोडी, कधी धमकी, कधी जुन्या घोड्याच्या गोष्टी. गाडी खोकायची, राघू समजूत घालायचा, गाडी सावरायची. मागं बसलेल्या बानूबाईचा जीव जळायचा.

“सारा जलम गेला, मला कदी च्या घे म्हनला न्हाई,” ती कोंबडीला सांगायची. “आन् ह्या डबड्याला बाय म्हनतोय.”

त्यांचा मुलगा दत्ता चाकणला कंपनीत कामाला. तो दिवाळीच्या सुट्टीला आला नव्हता, म्हणून पुढं थंडीत चार दिवस आला, आणि त्यानं हा प्रकार बघून व्हिडिओ काढला. पुढं हलती गाडी, मागं मेंढरांची रांग. साऱ्या येडगावनं बघितला. दत्ता पोरगा वाईट नाही, बापाच्या गुडघ्यांची त्याला खरंच काळजी. पण कंपनीत राहून त्याला प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायची सवय लागलेली.

“आबा, मेंढरं गाडीमागं चालत्यात ना?” तो जेवताना म्हणाला. “मंग गाडी कुनीबी चालवंल. गावातल्या भागूला ड्रायव्हर ठेवू. तुमी आता वट्यावर बसा, आराम करा.”

“आन् गाडी बंद पडली तर?” बानूबाईनं विचारलं.

“सारखी बंद पडत असंल तर मेंढरं इकून टाकू. मंगबी आबांना आरामच.”

राघूचा घास हातात राहिला. म्हणजे गाडी नीट झाली तरी तो वट्यावर, आणि बिघडली तरी वट्यावर. शेजारच्या गेणभाऊनं मेंढरं विकली होती. तेव्हापासून तो वट्यावर बसून रस्ता बघतो. कुणाची मेंढरं गेली की उभा राहतो, ती गेली की खाली बसतो. दुसरं काही नाही. राघूला ह्या जगात बिबट्याची भीती वाटली नव्हती, त्या वट्याची वाटायची. पण बोलणार कोण? त्यानं घास गिळला आणि हात धुतला.

दुसऱ्याच दिवशी अवसरी बुद्रुकला निघायचं होतं. तिथल्या भगवंत नावाच्या शेतकऱ्यानं कांद्याच्या आधी रानात मेंढरं बसवायला बोलावलं होतं. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंडीखत आपोआप पडतं, वरून शेतकरी मेंढक्याला दाणे देतो, अशी ती जुनी रीत. दत्ता म्हणाला, मीही येतो, गाडीचं काय ते एकदा बघूनच घेतो. तो मोटारसायकलवर लाल फडकं बांधून सगळ्यांच्या मागं राहिला.

वाटेत एक मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी मंचरच्या अलीकडे, हायवेच्या कडेला, गाडीनं अंग झाडलं, दोनदा खोकली आणि बसली. राघूनं नाना परीनं विनवलं, पण ह्या खेपेला तिनं ऐकलं नाही. मेंढरं थांबली. एक ट्रक थांबला, मग एक एसटी थांबली, आणि मग जो थांबला तो मेकॅनिक झाला.

“पेट्रोलात पाणी हाय,” ट्रकवाला म्हणाला.

“प्लग गेलेत,” रसवंतीवाला म्हणाला. त्याच्याकडे सायकल होती.

“नजर लागली,” एसटीतली एक बाई म्हणाली. “व्हिडिओ टाकत्यात आन् मंग रडत्यात.”

सुदैवानं शंभरेक पावलांवर जानकूचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड आणि पुढं मोकळं मैदान. गाडी ढकलत नेली, मेंढरं दत्तानं आणि कुत्र्यानं कशीबशी हाकलून मैदानात आणली. जानकू मोठा ठसनबाज माणूस. त्यानं रेस देऊन इंजिन कसंबसं चालू केलं, रबरी नळीचा तुकडा घेतला, एक टोक स्वतःच्या कानात घातलं, दुसरं चालू इंजिनावर फिरवायला लागला. डॉक्टर पोट तपासतो तसं. मधेच थांबला, डोळे मिटले.

“हवा खेचतीय,” तो म्हणाला. “कार्बोरेटरच्या मागनं फुस्स आवाज येतोय.”

त्यानं वाकून एक बारका रबरी पाइप पकडीत दाबला. थरथर जागच्या जागी थांबली. सोडला, पुन्हा धडधड. दाबला, गप्प. जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. जानकूनं इंजिन बंद करून पाइप उपसला आणि उजेडात धरला. एक टोक मऊ पडून, फुगून, मधोमध चिरलं होतं.

“बरेच पाइप बघितले,” तो म्हणाला, “पन हा फाटला न्हाई, ह्याला कुनीतरी चोखलंय.”

राघू आभाळाकडे बघू लागला.

आता हसू नका, पण झालं होतं ते असं. येडगावच्या उसात बिबट्याचा वावर, त्यात कडाक्याची थंडी. नुकतं जन्मलेलं, आईनं टाकलेलं एक अशक्त कोकरू राघू रोज मुक्कामाला बॉनेटखाली ठेवायचा. गाडी बंद केली की इंजिन बराच वेळ कोमट राहतं. बॅटरीशेजारी पोत्याचा तुकडा अंथरायचा, कोकरू ठेवायचं, बॉनेट जरा उघडं ठेवून दोरीनं बांधायचं. ऊबही मिळते आणि बिबट्यालाही सापडत नाही. त्या पोरक्या जिवाला अंधारात तोंडाशी तो पाइप लागला. मऊ, कोमट. त्याला दुसरं काय वाटणार?

तेवढ्यात कोकरू बारीक ओरडलं, तसं सगळ्यांनी बानूबाईकडे पाहिलं. तिनं पदराखाली कोकरू दडवलं होतं. त्याचे ओठ काळेकुट्ट होते.

जानकूनं नवा पाइप बसवला, आणि गाडी अशी शांत झाली की बानूबाईनं दोनदा विचारलं, चालू हाय का म्हणून. कोंबड्यासुद्धा गप्प बसल्या. दत्ताचा चेहरा फुलला. त्यानं तिथंच भागूला फोन लावला, परवापास्नं ये म्हणून सांगितलं. त्या थरथरीनं राघूला आजवर वाचवलं होतं, हे त्याला आत्ता कळलं. खोकणारी गाडी चुचकारत न्यायला राघूच लागायचा. ही असली गुळगुळीत गाडी तर भागूही नेईल, दत्ताही नेईल.

दत्ता बसलाच चालवायला. पहिला गिअर, क्लच सोडला, गाडी लोण्यातून सरकावी तशी निघाली. मैदानाच्या टोकापर्यंत गेली. मागं फक्त कुत्रं गेलं. मेंढरं बसून रवंथ करत होती. सगळ्यांत पुढं चालणारी चंद्री नावाची मेंढी, तिनं तर गाडीकडे पाठ केली. दत्तानं हॉर्न वाजवला. चंद्रीनं लेंड्या टाकल्या.

“तुमी बसा आबा,” दत्ता खाली उतरून म्हणाला.

राघू बसला. ओठ घट्ट मिटून त्यानं गाडी टोकापर्यंत नेली. बोलायला होतंच काय? गाडीची काही तक्रार नव्हती. मागं वळून बघतो तर कुत्रंही आलं नव्हतं.

“माज्या कामात खोट न्हाई,” जानकू म्हणाला. “खोट मेंढरांत हाय.”

तेवढ्यात भगवंताचा फोन. आज येताय का दुसऱ्या मेंढक्याचा वाडा बसवू? दत्ता चक्रावला. कंपनीत असं नसतं. तिथं मशीन दुरुस्त झालं की माल निघतो. त्यानं बराच विचार केला आणि निकाल लावला.

“मेंढरांना आजारी आवाजाची सवं लागलीया. गाडी परत बिघडवा.”

जानकू ताठ झाला. “आजवर मी मुद्दाम गाडी बिघडवली न्हाई. गिऱ्हाइकासमोर तर न्हाईच न्हाई.”

पण रसवंतीवाला म्हणाला, जमायचं न्हाई ह्याला, आणि जानकूला तेवढंच पुरलं. आधी जुना फाटका पाइप शोधला. तो त्याच कोकराच्या तोंडात सापडला, निम्मा. मग जानकूनं स्क्रू ड्रायव्हर उचलला. जसा बिघाड होता, तंतोतंत तसाच करून दाखवतो म्हणाला. परीक्षक कोण, तर चंद्री. तिला दोरीनं आणून बॉनेटसमोर उभं केलं.

“कुनी बोलायचं न्हाई,” जानकूनं जमावाला दम दिला. “मेंढीला इंजिन ऐकू द्या. आन् आबा, तुमी तर तोंडावर हात ठेवा.”

राघूनं तोंडावर हात ठेवला. हायवेच्या कडेला एवढी शांतता कुणी कधी ऐकली नसेल. जानकू स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, इंजिन जरा लडबडायचं, आणि सगळे चंद्रीच्या कानांकडे बघायचे.

“कान हालला,” दत्ता कुजबुजला.

“माशी व्हती,” ट्रकवाला म्हणाला. हा अजून गेला नव्हता. एसटी मात्र गेली होती, तीही ती नजरवाली बाई मागं सोडून.

अजून अर्धा आटा. मग हवा वाढवली. मग पेट्रोल कमी केलं. मग प्लगची एक वायर उपटली. गाडी पहिल्यापेक्षा बेक्कार थरथरायला लागली, ‘आठवणी जपणारे’ ही अक्षरं डोळ्यांना दिसेनात, आणि चंद्री खाली बसली. जानकूनं घाम पुसला. त्यानं दुसरी वायर ओढली, तसा गाडीनं एक मोठा आचका दिला आणि जीव सोडला.

दत्तानं कमरेवर हात ठेवले. “ऱ्हाऊ द्या. गाडीबी गेली आन् मेंढरंबी चालंनात. मी मंचरला यापाऱ्याला फोन करतो. आबा, चला घरी.”

राघूनं तोंडावरचा हात काढला. गुडघे धरत तो गाडीपाशी गेला आणि बॉनेटवर तळवा ठेवला. कोमट होतं.

“उठ की गं बये,” तो म्हणाला. सवयीनंच. आणि मग त्याला थांबता येईना. “तूच असं केलंस तर मी कुठं जाऊ? ते मला वट्यावर बसवनार हायती. गेणभाऊशेजारी. मला न्हाई बसायचं वट्यावर. गुडघं दुखत्यात तर दुखू दे, गाडीत बसून दुखत्याल. मेंढरांची धूळ नाकात न्हाई गेली तर मला झोप लागत न्हाई, हे कुनाला सांगू? मी कुनाला कदी काय सांगितलं न्हाई, ही माजीच चूक हाय. पन तुला तर समदं सांगितलं व्हतं.”

आणि मग कुणीतरी त्याच्या पाठीला ढुशी दिली.

चंद्री होती. तिच्या मागं सगळी मेंढरं उठली होती, आणि दाटीवाटीनं, जानकूला बाजूला सारत, राघूभोवती येऊन उभी राहिली होती. राघू दोन पावलं मागं सरला. मेंढरं दोन पावलं पुढं आली. इंजिन बंद होतं. नुसतं बंद नव्हतं, त्याच्या दोन वायरी जानकूच्या हातात होत्या.

“बोला की आबा,” दत्ता हळूच म्हणाला.

“काय बोलू?” राघू म्हणाला, आणि तेवढ्यावर चंद्रीनं कान टवकारले.

दत्तानं खिशातून फोन काढला आणि भागूला लावला. “येऊ नको,” तो म्हणाला. “न्हाई, गाडी ठीक हाय. ड्रायव्हर हाय आमच्याकडं. त्याच्यावानी तुला न्हाई जमायचं.”

“म्हनलं नव्हतं?” जानकू वायरी परत लावत, स्क्रू होते तसे फिरवत सगळ्यांना सांगू लागला. “इंजिनात खोट नव्हतीच.”

गाडी पुन्हा लोण्यासारखी सुरू झाली. मंचर मागं टाकून ते अवसरीच्या रस्त्याला लागले. खिडकीची काच खाली, राघूचं मुंडकं बाहेर, आणि मागं सगळी मेंढरं. सर्वांत मागं दत्ता, लाल फडकं फडकवत. पण आता नवीनच पंचाईत. निरोगी गाडीशी बोलायचं काय? शाब्बास म्हणून झालं, घोड्याच्या सगळ्या गोष्टी झाल्या, जानकूच्या हाताला यश दे म्हणून झालं. पहिल्या वळणाला राघूचे शब्द संपले. आरशात बघतो तर चंद्रीची चाल मंदावलेली.

“काय बोलू गं आता?” त्यानं कधी नव्हे ते मागच्या सीटला विचारलं.

बानूबाई कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. तिनं मान वर केली नाही.

“तुमचा एक उखाना ऱ्हायलाय,” ती म्हणाली. “आता मांडवातनं पळाया गुडघंबी न्हाईत.”

राघूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागं मेंढरं थांबायला आली होती. त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं, पुढं बघितलं आणि एका दमात बोलून टाकलं.

“कोकरानं चोखला पाइप, गाडी पडली बंद, बानू बसलीया पाठीशी, योच माजा आनंद.”

मागून कोकराची चुटूचुटू तेवढी ऐकू येत होती. राघूची आरशात बघायची हिंमत होईना.

“चंद्रीला ऐकू न्हाई गेलं,” शेवटी बानूबाई म्हणाली. “जरा मोठ्यानं घ्या.”

राघूनं मुंडकं आणखी बाहेर काढलं आणि उखाणा पुन्हा पहिल्यापासून घेतला.